धुरा नसलेलं शिवार

मालेगाव म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘नाशिकचं?’ मग मी सांगतो, नाही, वाशिमचं. तलाठी म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे गावाच्या नावापुढे कंस टाकायची सवय हाताला लागलेली. १९९८ च्या जुलैपर्यंत त्या कंसात ‘जि. अकोला’ लिहीत होतो, पुढे ‘जि. वाशिम’. कंस नसला तर टपाल कुठे जाईल याचा नेम नाही.

तर असा मी पुतण्याकडे पॅरिसला गेलो. जूनचा शेवटचा आठवडा होता. आमच्याकडे मृग कोरडा गेलेला, पेरण्या खोळंबलेल्या. मी मात्र इकडे लोखंडाच्या मनोऱ्याखाली मान वर करून उभा. दोन दिवसांत शहर पाहून झालं, पायांनी संप पुकारला. पुतण्या म्हणाला, “काकाजी, तुम्हाले शिवार पाह्यचं असन ना? चला सोमकडे. पहिल्या महायुद्धाचं रान हाये ते.” शाळेत असताना एका मासिकात लाल विमानाच्या जर्मन वैमानिकावर वाचलं होतं, ते एकदम आठवलं. म्हटलं, तो पडला ती जागा दाखव. पुतण्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि थोड्या वेळानं म्हणाला, “जागा सापडली. अन् तिथून जवळच एका कबरस्थानात आपलं मराठी आडनाव सापडलं. वेलिंगकर.”

आमियें शहराच्या पुढे सोम नदीच्या काठाकाठानं रस्ता जातो. नदी म्हणावी तर आमच्याकडच्या मोठ्या नाल्याएवढी, पण भर जूनमध्ये तुडुंब. आणि दोन्ही अंगांना शिवार. मला पहिला धक्का या शिवारानं दिला. धुरा नाही! क्षितिजापर्यंत गहू, मग एकदम हिरवागार बीट, मग बटाटा, पण मध्ये ना बांध, ना काटेरी कुंपण, ना बाभळीची रांग. एका पिकाचा रंग संपतो, दुसऱ्याचा सुरू होतो, एवढीच हद्द. ज्यानं तीस-पस्तीस वर्षं धुऱ्याच्या भांडणांचे कागद हाताळले, त्याला हे पाहून आनंद व्हावा की धास्ती वाटावी? इथले भाऊ-भाऊ भांडतात तरी कशावरून?

दुसरी गंमत मातीची. आपण गावठाणाला पांढरी म्हणतो आणि शेताला काळी. इथे नांगरट झालेल्या तुकड्यातून खडूसारखे पांढरे गोटे वर आले होते. इथली काळीही पांढरीच. जमिनीखाली सगळा चुनखडक आहे म्हणून. त्या खडकात दोन्ही सैन्यांनी खंदक खणले, भुयारं काढली, आणि वरून इतके तोफगोळे ओतले की शंभर वर्षं उलटली तरी नांगराच्या फाळाला ते लागतात. शेतकरी ते रस्त्याच्या कडेला आणून ठेवतो आणि सरकारी पथक येऊन उचलून नेतं. आम्ही वखरताना लागलेले धोंडे धुऱ्यावर टाकतो, तसंच. फरक एवढाच की आमचा धोंडा फुटत नाही.

कोर्बी गावातून ब्रेच्या दिशेनं चढ लागतो. उजव्या हाताला खाली नदी, वो-सुर-सोम गाव, डावीकडे टेकाड. रस्त्याच्या कडेला एक माहितीफलक. बस्स. मी दोनदा विचारलं, हेच का? हेच. फलकामागे पीक, पिकावर वारा. २१ एप्रिल १९१८ ला सकाळी अकराच्या सुमारास इथे एक लाल, तीन पंखी विमान उतरलं. आतला माणूस पंचवीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर पाडलेली ऐंशी विमानं होती.

मान्फ्रेड फॉन रिख्टहोफेन. जन्म २ मे १८९२, गाव ब्रेस्लाऊ. ते आता पोलंडमध्ये आहे, म्हणजे त्याच्याही गावाचा कंस बदललाच. घराणं जहागीरदारी वळणाचं, पोरगा शिकारीचा नादी. आधी घोडदळात होता. पण १९१४ संपता संपता पश्चिमेकडे खंदक आणि काटेरी तारा आल्या आणि घोड्याला काम उरलं नाही. त्याला पुरवठ्याच्या कामावर लावलं, तेव्हा अंडी आणि चीज गोळा करायला मी युद्धात आलेलो नाही असं त्यानं वरिष्ठांना कळवलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, १९१५ च्या उन्हाळ्यात तो विमानात जाऊन बसला. तोही निरीक्षक म्हणून, मागच्या जागेवर. चालवायला शिकला तेव्हा पहिल्याच एकट्याच्या उड्डाणात विमान जमिनीवर आपटलं. वैमानिकाची अखेरची परीक्षा तो त्या वर्षीच्या नाताळात पास झाला. उपजत कसब असलेला उडवय्या तो नव्हताच, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य आहे. त्याचं बलस्थान वेगळं होतं: नेम, सबुरी आणि नियम.

नियम शिकवणारा गुरू त्याला आगगाडीत भेटला. ओस्वाल्ड बोल्के. सूर्य पाठीशी ठेवा, उंचीवरून या, अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, एकट्यानं जाऊ नका, अशी या माणसाची शिकवण होती. त्यानं १९१६ च्या ऑगस्टमध्ये नवी तुकडी उभी केली आणि रिख्टहोफेनला उचललं. १७ सप्टेंबरला पहिलं विमान पडलं. त्यातला इंग्रज वैमानिक लायनेल मॉरिस एकोणीस वर्षांचा होता. पुढे महिना-सव्वा महिन्यात बोल्के स्वतः गेला, तोही शत्रूच्या गोळीनं नाही. आपल्याच सोबत्याच्या विमानाचा धक्का लागून.

ही विमानं म्हणजे काय होतं, ते फलकावरच्या चित्रापुढे उभं राहिल्यावर नीट कळलं. सांगाडा लाकडाचा आणि पोलादी नळ्यांचा, ताण तारांचा, वर कापड. तीन पंखी फोकर रिकामं तोललं तर जेमतेम चार क्विंटल भरे. इंजिनाची ताकद ११० अश्वशक्ती, म्हणजे आमच्याकडच्या दोन-सव्वादोन ट्रॅक्टरांइतकी. पण खरी करामत पुढच्या मशीनगनीत. ती फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडते आणि पात्याला एकही लागत नाही! मला हे कधी समजत नव्हतं. पुतण्या इंजिनिअर, त्यानं इंजिन, दट्ट्या, खाचेचं चाक असलं काय काय सांगितलं. शेवटी मलाच आमच्या घरचं शिवणयंत्र आठवलं. सुई कापडात असते तोवर खालचे दाते कापड सरकवत नाहीत. सुई वर गेली की सरकवतात. दोन्ही हालचाली एकाच दांड्याला बांधलेल्या. इथेही तसंच. पातं नळीसमोरून सरकलं की इंजिनच बंदुकीचा चाप दाबतं. अँटनी फोकर या डच माणसाच्या कारखान्यानं १९१५ साली हे जर्मनांना करून दिलं आणि तोवर टेहळणी करणारं विमान शिकारी झालं. वैमानिकानं फक्त विमानाचं नाक शत्रूकडे वळवायचं.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. विमान पाडलं असं नुसतं सांगून जर्मन सैन्यात भागत नसे. साक्षीदार लागत, अवशेष लागत. तारीख, वेळ, ठिकाण, विमानाचा प्रकार लिहून अर्ज करायचा, मग वरून मान्यता येणार. म्हणजे पंचनामाच झाला! आणि पंच मिळणं जर्मनांना सोपं होतं, कारण लढाई बहुधा त्यांच्याच हद्दीवर होई. इंग्रजांचा खाक्या रोज पलीकडे घुसायचा. त्यात इथला वारा पश्चिमेचा, तो विमानांना पूर्वेकडे, जर्मनांच्या अंगणात ढकलत नेई. रिख्टहोफेन आपल्या बाजूला थांबून वाट पाही. आकाशाला धुरा नसतो म्हणतात, पण खाली खंदकांची रेघ होती आणि वरच्या माणसाला ती पक्की ठाऊक होती.

दप्तर तर त्यानं असं ठेवलं होतं की मला माझ्या जुन्या सर्कल साहेबांची आठवण झाली. प्रत्येक पाडलेल्या विमानामागे बर्लिनच्या एका सोनाराकडून चांदीचा छोटा पेला. त्यावर अनुक्रमांक, विमानाचा प्रकार, आत माणसं किती, तारीख. दर दहावा पेला मोठा. असे साठ पेले झाले, मग जर्मनीत चांदीच मिळेना, म्हणून थांबले. आईच्या घरी त्याची खोली होती. तिथे भिंतींवर शत्रूच्या विमानांचे कापडी आकडे फाडून लावलेले. एका पाडलेल्या विमानाच्या इंजिनाचा दिवाही त्यानं करून घेतला होता. १९१७ च्या एप्रिलात एकट्या महिन्यात वीसहून जास्त विमानं पाडली आणि मे महिन्यात रजेवर गेला तर तिथेही रानगव्याची शिकार केली. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत काळविटांची शिंगं लावलेली असतात, त्यातलाच हा प्रकार. पण शिंगांना आई नसते हो.

मात्र हा माणूस शेवटपर्यंत असाच राहिला असंही नाही. ६ जुलै १९१७ ला डोक्याला गोळी चाटून गेली, थोडा वेळ दिसेनासं झालं, कसाबसा खाली उतरला. त्यानंतर प्रत्येक लढाईनंतर मन विटतं, खोलीत पडून राहावंसं वाटतं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. वरिष्ठांनी जमिनीवरचं काम देऊ केलं, त्यानं घेतलं नाही. तोवर तो माणूस राहिला नव्हता, सरकारी जाहिरात झाला होता. त्याची चित्रपत्रं विकली जात. त्याच्या नावावरचं पुस्तक घरोघर गेलं होतं. पोरं ज्याचं चित्र उशाशी ठेवतात तो कचेरीत बसून खर्डेघाशी कशी करणार?

२१ एप्रिलची सकाळ. त्याचा तळ इथून पूर्वेला, कापी गावाजवळ. आदल्या दिवशीच एकोणऐंशी आणि ऐंशी झालेले. एका नवख्या कॅनेडियन पोराच्या, विल्फ्रिड मेच्या, मागे तो लागला. मेच्या बंदुका अडकलेल्या, तो जीव घेऊन सोमच्या दरीतून खाली खाली पळत सुटला. रिख्टहोफेन मागे. आणि गुरूचे सगळे नियम या माणसानं त्या काही मिनिटांत मोडले. एकटा, जमिनीलगत, आणि धुरा ओलांडून शत्रूच्या हद्दीत. मेचा शाळासोबती रॉय ब्राऊन वरून धावून आला, त्यानं झाडल्या. टेकाडावरच्या ऑस्ट्रेलियन मशीनगनींनी खालून झाडल्या. एक गोळी उजवीकडून शिरली, छातीतून आरपार. तरी विमान उतरलं, फारसं मोडलं नाही. त्याचा प्राण मात्र तिथेच गेला.

कोणाची गोळी? इथे दोन दावेदार. इंग्रजांच्या हवाई दलानं नोंद ब्राऊनच्या नावावर केली. गोळीचा मार्ग पाहून आज बहुतेक अभ्यासक म्हणतात की ती जमिनीवरून आली, ऑस्ट्रेलियनांची. शंभर वर्षं झाली, तक्रार नोंद अजून निकाली नाही. ज्यानं आयुष्यभर पक्के पंचनामे केले, त्याच्याच मरणाचा पंचनामा कच्चा राहिला. असले फेरफार मीही पाहिले आहेत.

सैनिकांनी ते लाल कापड तासाभरात ओरबाडून नेलं. आज त्याचं इंजिन लंडनच्या संग्रहालयात, बसायची जागा टोरांटोत, बूट ऑस्ट्रेलियात. देहाचे प्रवास वेगळे. दुसऱ्या दिवशी बेर्तांगल गावी ऑस्ट्रेलियन वैमानिकांनीच त्याला खांद्यावरून नेलं, बंदुकांची सलामी दिली, फुलं वाहिली. मग एक विमान जाऊन जर्मन तळावर त्या अंत्ययात्रेचं छायाचित्र आणि मृत्यूची चिठ्ठी टाकून आलं. हे ऐकून मी रस्त्याच्या कडेला खाली बसलो. परवा ज्यानं दोन माणसं पाडली, त्याला आज पुष्पचक्र? पुतण्या म्हणाला, सभ्य लोक होते. मला तसं वाटलं नाही. वर उडणारे थोडे होते, एकमेकांना नावानं ओळखत होते. खाली याच चुनखडीत लाखो निनावी गाडले जात होते, त्यांच्यासाठी कोणी चिठ्ठ्या टाकत नव्हतं. पुढे देह फ्रिकूरला हलवला, १९२५ साली बर्लिनला नेऊन सरकारी इतमामानं पुरला, १९७५ मध्ये वीसबाडेनला घरच्या जागेत. मेल्यावरही चार गावं झाली. त्याच्या तुकडीची शेवटची सूत्रं ज्याच्या हाती आली त्याचं नाव हेरमान ग्योरिंग. त्या नावाबद्दल या शिवारात उभं राहून मला काही बोलावंसं वाटलं नाही.

वो-सुर-सोमहून दक्षिणेला निघालो. विलेर-ब्रेतोनोचा ऑस्ट्रेलियन मनोरा मागे टाकला की उतार लागतो आणि खाली लहानसं गाव येतं. पाटीवरच्या अक्षरांवरून मी ‘हांगार्ड’ वाचलं. पुतण्या म्हणाला, “हे लोक ‘आंगार’ म्हणतात.” अंगार! मालेगावहून शिरपूरला जावं तितपतच अंतर आम्ही आलो असू, पण इथे कोणताही माहितीफलक नाही, गाड्या थांबत नाहीत. गावच्या कबरस्थानाला लागून युद्धातल्यांची जागा, पांढऱ्या दगडांच्या रांगा, कापलेलं गवत. कडेच्या गव्हात लाल खसखशीची फुलं.

लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर. इंग्रजी दप्तरात ‘वेलिनकर’ लिहिलंय, मधला ‘ग’ गाळलेला. आडनाव गोव्यातल्या वेलिंग गावाकडे बोट दाखवतं, माणूस मुंबईचा, शिक्षणासाठी केंब्रिजला गेलेला. त्या वेळी हिंदी माणसाला इंग्रज सैन्यात अधिकारी होणं जवळजवळ बंद होतं. १९१७ मध्ये विमानदळाचं दार जरासं किलकिलं झालं आणि त्यातून मोजके शिरले. हरदित सिंग मलिक, जो फेट्यावरून मुद्दाम शिवलेलं मोठं शिरस्त्राण घालून उडायचा. बंगालचा सेन, जो जर्मनांच्या कैदेत पडला. बंगालचाच इंद्रलाल रॉय, ज्यानं १९१८ च्या जुलैमध्ये दोन आठवड्यांत दहा विमानांचा हिशेब केला आणि त्याच महिन्यात २२ तारखेला एकोणीस वर्षांचा असताना गेला. आणि हा आपला मुंबईकर.

वेलिंगकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन जातीचं विमान चालवत होता. विचित्र विमान! वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर. दिसायचं झकास, पण उतरताना विमान उलटलं तर आधी मान मोडायची म्हणून चालवणारे धास्तावलेले. २७ जून १९१८ ला तो गस्तीवर गेला आणि परतला नाही. रिख्टहोफेन जाऊन सदुसष्ट दिवस झाले होते. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागला, ३० जूनला त्यांच्या ताब्यात असतानाच मेला. हे गाव तेव्हा जर्मनांकडे होतं.

मधल्या एका तारखेनं मला तिथं खिळवलं. २९ जून. त्या दिवशी एर्न्स्ट उडेट हा जर्मन वैमानिक पेटत्या लढाईतून हवाई छत्री घेऊन उडी मारून वाचला. जर्मनांनी त्याच सुमारास छत्र्या द्यायला सुरुवात केली होती. इंग्रजांनी फुग्यातल्या टेहळ्यांना छत्र्या दिल्या, विमानातल्यांना दिल्या नाहीत. वेलिंगकरच्या विमानात छत्री नव्हती. असती तर तो वाचला असता का, हे मी कसं म्हणणार? तारखा शेजारी मांडल्या, इतकंच.

आमच्या शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ जमिनीला टेकत नाही म्हणतात. आजी सांगायची, पूर्वी मूर्तीखालून डोक्यावर घागर घेतलेली बाई जाऊ शकत असे, आता फक्त कापड सरकतं. लहानपणी मला वाटायचं, म्हणजे देवसुद्धा हळूहळू खाली येतोय. कापडाच्या पंखांवर वर गेलेल्या या पोरांपुढे उभं राहिल्यावर ते का आठवलं, सांगता येणार नाही.

तेवढ्यात घरून फोन आला. पाऊस पडला होता, चांगला बोटभर ओल. “पेरणी उद्या,” धाकटा म्हणाला. फोन ठेवला तर पुतण्या भिंतीतल्या लोखंडी दाराच्या कप्प्यातून एक वही काढून उभा. भेट देणाऱ्यांसाठी असते ती. तारीख, नाव, गाव आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पानं चाळली. ऑस्ट्रेलियातले, इंग्लंडमधले, क्वचित एखादा कॅनडाचा. पेन चालेना, पुतण्याचं घेतलं. नाव लिहिलं. गाव लिहिलं, मालेगाव, आणि कंस टाकला.

“काकाजी,” पुतण्या हसून म्हणाला, “इथं कोन नाशिकले जाते आता?”

मी ‘जि. वाशिम’ लिहून कंस बंद केला. शेऱ्याच्या रकान्यात हात आपोआप गेला, आणि सातबाऱ्यावर, पंचनाम्यांवर, बुजलेल्या विहिरींवर आणि पडक्या घरांवर जन्मभर जे लिहीत आलो तेच लिहिलं:

समक्ष पाहिले.